मोटिफ शोधताना कधी रिकामी फाइल, कधी हजारो जुळण्या: चूक कुठे पाहावी

गेल्या आठवड्यात पाषाणच्या आमच्या प्रयोगशाळेत एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी आलेली एक विद्यार्थिनी उघडा लॅपटॉप हातात धरून माझ्या टेबलापाशी आली. फॉस्फेटचा तुटवडा पडल्यावर यीस्टमध्ये ज्या जनुकांचे काम वाढते, त्यांच्या प्रमोटरमध्ये (जनुकाच्या आधीच्या नियंत्रक भागात) फो-४ या ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरच्या, म्हणजे डीएनएवर बसून जनुकांचे काम कमी-जास्त करणाऱ्या प्रथिनाच्या, बसण्याच्या जागा तिला शोधायच्या होत्या. त्यासाठी तिने सी-ए-सी-जी-टी-जी या डीएनएच्या सहा अक्षरांचा मोटिफ, म्हणजे शोधायचा नमुना, स्वतः तयार केला होता आणि तो मीम सूट या मोटिफ शोधणाऱ्या प्रोग्रॅमच्या संचातील फायमो या प्रोग्रॅमला देऊन यीस्टचा सगळा जीनोम (संपूर्ण डीएनए) तपासला होता. निकालाच्या फाइलमध्ये रकान्यांच्या नावांची एक ओळ होती आणि तिच्याखाली काहीच नव्हते. “मॅडम, प्रोग्रॅम बिघडलाय का? एवढ्या मोठ्या जीनोममध्ये सहा अक्षरं एकदाही नाहीत?” असे तिने विचारले, आणि प्रश्न अगदी रास्त होता. गंमत अशी की तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाची तक्रार नेमकी उलटी होती. त्याला जुळण्या हजारोंनी मिळत होत्या, पण प्रत्येकीचे क्यू-मूल्य, म्हणजे जुळण्यांचा किती हिस्सा निव्वळ योगायोगाचा असावा याचा अंदाज, १ च्या आसपास घुटमळत होते.

प्रकल्पांचा हंगाम सुरू झाला की या दोन्ही तक्रारी दर वर्षी माझ्याकडे येतात. प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल करून पाहिलेला असतो, आवृत्ती बदललेली असते, कधी संगणकही बदललेला असतो. दोन्हींचे मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडते: मोटिफ किती लहान आहे, तो किती जागी तपासला जात आहे आणि जुळणी मान्य करण्याची मर्यादा काय ठेवली आहे, या तीन आकड्यांचा आपसांत मेळ बसत नाही. म्हणून प्रोग्रॅमला हात लावण्यापूर्वी कागदावर एक गुणाकार करावा, असा माझा आग्रह असतो.

रिकामी फाइल

फायमो प्रत्येक जागेला गुण देतो आणि त्या गुणांवरून पी-मूल्य काढतो. निव्वळ योगायोगाने त्या जागी इतके किंवा याहून जास्त गुण मिळण्याची संभाव्यता म्हणजे हे पी-मूल्य. आपण वेगळे काही सांगितले नाही तर ०.०००१ किंवा त्याहून कमी पी-मूल्याच्या जुळण्याच फाइलमध्ये उतरतात. आता सहा अक्षरांचा मोटिफ घ्या. चारही अक्षरे सारख्याच प्रमाणात आहेत असे धरले, तर सहाच्या सहा अक्षरे अचूक जुळण्याची संभाव्यता ४,०९६ मध्ये १, म्हणजे सुमारे ०.०००२४ इतकी येते. अचूक जुळणीपेक्षा चांगली जुळणी असूच शकत नाही. म्हणजे या मोटिफला मिळू शकणारे सर्वांत कमी पी-मूल्यच ०.०००२४ आहे, आणि ते मर्यादेच्या वर आहे. जीनोममध्ये ती सहा अक्षरे हजार ठिकाणी असली तरी फाइल रिकामीच राहणार, आणि प्रोग्रॅमने आपले काम चोख केलेले असणार.

यीस्टच्या जीनोममध्ये जी आणि सी यांचे मिळून प्रमाण सुमारे ३८ टक्के आहे, म्हणजे प्रत्येकी ०.१९, ए आणि टी प्रत्येकी ०.३१. हे खरे प्रमाण घेतले तर सी-ए-सी-जी-टी-जी या अक्षरांची संभाव्यता ०.०००१२५ वर येते. मर्यादेच्या अगदी दारापर्यंत पोहोचली, पण आत आली नाही. अशा वेळी थ्रेश या पर्यायाने मर्यादा ०.०००२ करावी किंवा मोटिफ लांब घ्यावा. मर्यादा वाढवली म्हणून पाप लागत नाही. ती किती वाढवली आणि का वाढवली, हे प्रबंधात लिहायचे राहिले तर मात्र परीक्षक विचारणारच.

हजारो जुळण्या

शेजारच्या मुलाचा मोटिफ जीसीएन-४ या फॅक्टरचा होता: टी-जी-ए-सी-टी-सी-ए, सात अक्षरे. यीस्टचा जीनोम सुमारे १ कोटी २१ लाख अक्षरांचा आहे. डीएनएचे दोन्ही स्ट्रँड (धागे) तपासले तर २ कोटी ४२ लाख जागा होतात. एवढ्या जागांना ०.०००१ ही मर्यादा लावली, तर डीएनएमध्ये काहीही अर्थ नसतानासुद्धा सुमारे २,४०० जुळण्या हाती लागण्याची तयारी ठेवावी लागते. या विशिष्ट मोटिफच्या अचूक जुळणीची संभाव्यता साधारण ०.००००६३ आहे. म्हणजे निव्वळ योगायोगाने सुमारे दीड हजार अचूक जुळण्या अपेक्षित आहेत. त्याला मिळालेला आकडा याच घरात होता. “दीड हजार जागा सापडल्या” हे वाक्य त्याने अहवालात ठळक अक्षरांत लिहिले होते, ते मी खोडायला लावले.

क्यू-मूल्याचे कामच हे आहे की इतक्या जागा तपासल्याची किंमत वसूल करायची. फायमो त्यासाठी बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेली पद्धत वापरतो. ढोबळमानाने सांगायचे तर योगायोगाने अपेक्षित असलेल्या जुळण्यांना प्रत्यक्ष मिळालेल्या जुळण्यांनी भागायचे. अपेक्षित दीड हजार आणि मिळालेल्याही तेवढ्याच असतील, तर उत्तर १ येणार. ते ०.०५ वर आणायचे तर अशा तीस हजार अचूक जुळण्या सापडाव्या लागतील, आणि तसे घडले तर आनंद मानण्याऐवजी फाइलमध्ये भलतेच काही शिरले आहे का हे मी आधी पाहीन. थोडक्यात, सात अक्षरांच्या मोटिफने सगळा जीनोम चाळून क्यू-मूल्याची अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. हा दोष ना मोटिफचा, ना प्रोग्रॅमचा.

उपाय एकच, तो म्हणजे तपासण्याच्या जागा कमी करणे. प्रयोगातून चाळीस जनुके हाती आली असतील आणि प्रत्येकाच्या आधीची ५०० अक्षरे घेतली, तर २०,००० अक्षरे होतात. दोन्ही स्ट्रँड धरून ४०,००० जागा. त्याच ०.०००१ मर्यादेला आता योगायोगाच्या जुळण्या फक्त चार अपेक्षित असतात. इथे तीस मिळाल्या तर त्यात काही तरी आहे, पाच मिळाल्या तर नाही. याच्या जोडीला मी आणखी एक परीक्षा घ्यायला लावते. त्याच जीनोममधील दुसरी कोणतीही चाळीस जनुके यदृच्छया निवडायची, त्यांचेही प्रमोटर तितक्याच लांबीचे घ्यायचे आणि तोच मोटिफ फिरवायचा. हे दहा-वीस वेळा केले की योगायोगाची पातळी डोळ्यांना दिसते, आणि ती दिसल्यावर संख्याशास्त्राचे पुस्तक न उघडलेल्या मुलांनाही मुद्दा समजतो.

मानवी जीनोम घेणाऱ्यांसाठी एक जास्तीची सूचना. तेथे दोन्ही स्ट्रँड मिळून सहाशे कोटींहून जास्त जागा होतात, म्हणजे ०.०००१ ला सहा लाखांहून जास्त जुळण्या. फायमो मात्र आपण न सांगितल्यास एका वेळी एक लाखच जुळण्या साठवून ठेवतो आणि जागा संपली की त्यातल्या कमकुवत जुळण्या टाकून देतो. तसा इशारा तो स्क्रीनवर देतोही, पण तो वाचतो कोण! “कालच्या फाइलमधली जागा आज का नाही” या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा त्या न वाचलेल्या ओळीत असते.

एक जागा, दोन ओळी

ही चूक मी स्वतः केलेली आहे आणि ती ग्रुप मीटिंगमध्ये सर्वांसमोर उघडी पडली, म्हणून तिचा पत्ता मला चांगला ठाऊक आहे. गॅल-४ या फॅक्टरचा मोटिफ सी-जी-जी, मध्ये कोणतीही अकरा अक्षरे, मग सी-सी-जी असा सतरा अक्षरांचा आहे. मी मोजलेल्या जागा अकराशेच्या घरात होत्या. मार्गदर्शकांनी फाइल मागितली, दोन लागोपाठच्या ओळींवर बोट ठेवले आणि काहीच न बोलता माझ्याकडे पाहिले. गुणसूत्र तेच, सुरुवात तीच, शेवट तोच. फक्त एका ओळीत अधिक चिन्ह आणि दुसरीत उणे. हा मोटिफ उलटून त्याची पूरक अक्षरे घेतली तरी पुन्हा तोच मोटिफ मिळतो, त्यामुळे दोन्ही स्ट्रँड तपासले की प्रत्येक जागा दोनदा मोजली जाते. सी-ए-सी-जी-टी-जी याचेही तसेच आहे. अशा मोटिफसाठी एकच स्ट्रँड तपासण्याचा पर्याय द्यावा किंवा मोजण्यापूर्वी सारख्या जागांच्या ओळी एकत्र कराव्यात.

त्याच उदाहरणात आणखी एक धडा दडलेला आहे. गॅल-४ च्या मोटिफमध्ये ठरलेली अक्षरे सहाच आहेत आणि सगळी सी किंवा जी आहेत. चारही अक्षरे समान धरली तर यीस्टमध्ये योगायोगाने सुमारे २,९५० जागा अपेक्षित. यीस्टचे खरे प्रमाण धरले तर सुमारे ५७०. पार्श्वभूमीचा, म्हणजे अक्षरांच्या गृहीत प्रमाणाचा, आकडा बदलला आणि अपेक्षा पाचपटीने बदलली. सदाशिव पेठेत एखाद्या दारावर “जोशी” अशी पाटी दिसली तर तिचे कोणाला काय वाटणार? तीच पाटी दूरच्या एखाद्या राज्यातल्या खेड्यात दिसली तर माणूस थबकतो. अक्षरांचेही तसेच आहे. मलेरियाचा परजीवी प्लास्मोडियम फाल्सिपेरम याच्या जीनोममध्ये ए आणि टी मिळून सुमारे ८० टक्के आहेत. तेथे टी-ए-टी-ए-ए-ए हा क्रम साधारण दर २४४ अक्षरांमागे एकदा योगायोगानेच येतो, तर समान प्रमाण धरणाऱ्या हिशेबात तो ४,०९६ अक्षरांमागे एकदा यावा. हा फरक लक्षात न घेता कोणी त्या परजीवीत टाटा बॉक्स (प्रमोटरमधील असाच क्रम) मोजायला बसले, तर त्याला तो प्रत्येक जनुकापाशी “सापडेल”.

आपण न सांगता फायमो तुमच्या जीनोममधील अक्षरांची वारंवारिता मोजून घेत नाही. तो तयार आकडे वापरतो. म्हणून सूटमध्येच असलेल्या फास्टा-गेट-मार्कोव्ह या छोट्या प्रोग्रॅमने आपल्या सीक्वेन्सवरून (अक्षरांच्या क्रमावरून) पार्श्वभूमीची फाइल तयार करावी आणि ती प्रत्येक वेळी सोबत द्यावी. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. ते टाळणाऱ्यांचे आठवडे गेलेले मी पाहिले आहेत.

नवा मोटिफ शोधताना पहिल्या क्रमांकावर ए-ए-ए-ए-ए-ए

आतापर्यंतचे सगळे ज्ञात मोटिफ शोधण्याविषयी झाले. ज्यांना मोटिफच माहीत नसतो आणि तो सीक्वेन्समधून काढायचा असतो, त्यांच्यासाठी त्याच सूटमधील मीम हा प्रोग्रॅम आहे. टिमोथी बेली आणि चार्ल्स एल्कन यांनी तो १९९४ मध्ये मांडला. यीस्टचे प्रमोटर त्याला दिले की बहुतेकांना पहिल्या क्रमांकावर ए अक्षरांची लांबच लांब रांग मिळते आणि ते हिरमुसतात. ही रांग खोटी नाही. यीस्टच्या प्रमोटरमध्ये ए आणि टी यांचे असे पट्टे खरोखरच भरपूर आहेत आणि न्यूक्लिओसोम (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळला जातो ते प्रथिनांचे गोळे) तेथे सहजी बसत नाहीत. फक्त ते जवळपास सगळ्याच प्रमोटरमध्ये असल्यामुळे तुमच्या चाळीस जनुकांविषयी काही सांगत नाहीत. पार्श्वभूमी एकेका अक्षराऐवजी लागोपाठच्या दोन-तीन अक्षरांवर आधारली तर यातला बराचसा भाग गळून पडतो. त्याहून चांगला मार्ग म्हणजे तुलनेसाठी दुसरा गट देणे: काम न वाढलेल्या जनुकांचे प्रमोटर. बेली यांनीच २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला स्ट्रीम हा प्रोग्रॅम मुळातच अशा तुलनेवर चालतो. दुसरा गट दिला नाही तर तो तुमचेच सीक्वेन्स, अक्षरांचे लहान गट कायम राखून, पत्ते पिसावेत तसे पिसून घेतो.

पुनरावृत्त भागांविषयी एक गैरसमज मात्र फार पसरलेला आहे. अनेक जीनोमच्या फाइलमध्ये असे भाग लहान लिपीतील अक्षरांत छापलेले असतात, आणि ती अक्षरे पाहून प्रोग्रॅम ते भाग वगळेल असे लोक गृहीत धरतात. मीम सूट लहान आणि मोठी अक्षरे एकसारखीच वाचतो. वगळायचे असेल तर त्या जागी एन हे अक्षर भरलेली फाइल घ्यावी लागते.

आणखी एक सापळा, जो आता क्वचित पाहायला मिळतो पण सापडला की दिवस खातो. कमांड लाइनवर मीम चालवताना सीक्वेन्स डीएनएचे आहेत हे सांगायला विसरलात, तर तो त्यांना प्रथिने समजतो. आणि त्याला संशय यावा असे काही घडतही नाही, कारण ए, सी, जी आणि टी ही चारही अक्षरे प्रथिनांच्या वर्णमालेत आहेतच: अलानाइन, सिस्टीन, ग्लायसीन आणि थ्रिओनाइन. उलटा स्ट्रँड तपासला जात नाही, आणि निकाल मात्र देखणा येतो.

प्रथिनांच्या बाबतीत

येथे पॅटर्न बहुधा प्रोसाइट या प्रथिनांच्या पॅटर्नच्या संग्रहातून घेतले जातात आणि लहान पॅटर्नचा तोच घोळ पुन्हा होतो. एन-ग्लायकोसिलेशनचा पॅटर्न घ्या: अ‍ॅस्पराजिन, मग प्रोलीन सोडून काहीही, मग सेरीन किंवा थ्रिओनाइन, मग पुन्हा प्रोलीन सोडून काहीही. अमिनो आम्लांची सर्वसाधारण प्रमाणे घेऊन गुणाकार केला तर हा पॅटर्न साधारण २३० अमिनो आम्लांमागे एकदा योगायोगाने येतो, म्हणजे मध्यम आकाराच्या जवळजवळ प्रत्येक प्रथिनात. शिवाय ही साखर एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये चढते. जे प्रथिन त्या वाटेला कधी जातच नाही, त्यातल्या जुळणीला काही अर्थ नाही. याउलट एटीपी बांधणाऱ्या पी-लूपचा पॅटर्न सुमारे तेरा हजार अमिनो आम्लांमागे एकदा येईल असा आहे, त्यामुळे एकाच प्रथिनात तो दिसला तर विचार करण्यासारखे असते. हे पॅटर्न शोधून देणाऱ्या स्कॅनप्रोसाइटमध्ये वारंवार आढळणारे पॅटर्न वगळण्याची सोय आहे. ती सुरू ठेवावी.

ग्रेपने मोजणाऱ्यांसाठी

प्रोग्रॅमवर विश्वास नाही म्हणून काही जण ग्रेप या साध्या आज्ञेने अक्षरे मोजून पडताळा घेतात आणि आकडे जुळत नाहीत म्हणून पुन्हा येतात. फास्टा फाइलमध्ये (सीक्वेन्स साठवण्याच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये) सीक्वेन्स ओळींत तोडलेला असतो. ओळ ६० अक्षरांची असेल तर सहा अक्षरांचा शब्द सुरू होण्याच्या ६० जागांपैकी ५ जागी तो दोन ओळींत विभागला जातो आणि ग्रेपला दिसत नाही. म्हणजे बारापैकी एक जुळणी इथेच गेली. शिवाय मोजणीचा पर्याय जुळण्या मोजत नाही, जुळणी असलेल्या ओळी मोजतो, आणि उलट्या स्ट्रँडचा तर प्रश्नच येत नाही. आधी प्रत्येक सीक्वेन्स एका ओळीत आणावा, मग पडताळा घ्यावा. विंडोजवर तयार झालेल्या फाइलमधील ओळींच्या शेवटची अदृश्य चिन्हेही याच वेळी काढून टाकावीत. आणि जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडून जतन करू नये. यीस्टमध्ये ओसीटी-१ नावाचे जनुक आहे, आणि एक्सेल त्याची १ ऑक्टोबर करून ठेवतो.

पुन्हा त्या सहा अक्षरांकडे

विद्यार्थिनीने मर्यादा ०.०००२ केली, यीस्टच्या पार्श्वभूमीची फाइल दिली, एकच स्ट्रँड घेतला आणि जीनोम सोडून आपल्या जनुकांचे प्रमोटर तेवढे तपासले. फाइल भरली. तिचा चेहरा खुलला, पण मी तिला फो-५ या जनुकाची ओळ काढायला सांगितली. फो-४ त्याच्या प्रमोटरमध्ये दोन ठिकाणी बसतो, हे या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. तिच्या फाइलमध्ये एकच जागा होती. दुसरी कुठे गेली म्हणून आम्ही सीक्वेन्स उघडून डोळ्यांनी वाचत गेलो आणि ती सापडली: सी-ए-सी-जी-टी, आणि शेवटचे अक्षर जी नव्हे, टी. तिच्या काटेकोर मोटिफमध्ये शेवटी टी चालतच नव्हता. विशेष म्हणजे भरपूर फॉस्फेट असताना तिला मिळालेली अचूक जागा न्यूक्लिओसोमखाली झाकलेली असते आणि ही निसटलेली जागाच मोकळी असते.

सहा अक्षरांचा शब्द आम्ही बाजूला ठेवला आणि जास्पार या मोटिफच्या संग्रहातून फो-४ ची मॅट्रिक्स उतरवून घेतली, जिच्यात प्रत्येक जागी कोणते अक्षर किती चालते याची नोंद असते. आता ती विद्यार्थिनी मर्यादा जनुकांच्या यादीवरून ठरवत नाही. फो-५ च्या दोन्ही जागा फाइलमध्ये येईपर्यंत मर्यादा सैल करते, त्या मर्यादेला तिच्या प्रमोटरमध्ये योगायोगाने किती जुळण्या अपेक्षित आहेत ते वहीत लिहिते, आणि मगच बाकीच्या ओळी वाचायला घेते.